बांधलेल्या डोळ्यांचे दहा दिवस

बाबा, गेल्या आठवड्यात मी डोळे तपासायला गेले होते. हनुवटी टेकवून बसले, लख्ख उजेड पडला आणि समोरच्या स्क्रीनवर माझ्या डोळ्याच्या आतला फोटो आला. तुमच्या वेळी डॉक्टर हेच चित्र हातानं काढायचे. ते आठवलं आणि मग जे तुम्हाला कधी सांगितलं नाही तेही आठवलं.

आणीबाणीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. केबिन रोडवर तुमचं शिलाईचं दुकान. लग्नाआधी ताई तिथे तुमच्या शेजारी बसून काजं करायची, मी पेणकरपाड्यातल्या घरी चूल सांभाळायचे. "काज करावं तर थोरलीनं," हे तुम्ही गिऱ्हाइकाला सांगायचात आणि माझ्या हातचं कालवण खातानाही सांगायचात. तिला 'बाय' म्हणायचात. मी नुसती धाकटी. ती लग्न होऊन लांब पेणला गेली तरी तिच्या स्टुलावर तुम्ही कुणाला बसू दिलं नाहीत. मी एकदा बसले तर म्हणालात, "तू भात बघ गो, तुझा हात जड."

एका सकाळी तुम्ही कात्री खाली ठेवलीत. "अर्ध्या कापडावर सावली कसली पडतेय?" सावली कसलीच नव्हती. आठवडाभर डोळ्यात विजा चमकत होत्या, ते तुम्ही कुणाला बोलला नव्हतात. मुंबईच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी तुम्हाला आडवं निजवलं, कपाळाला दिवा बांधला, हातात भिंग धरलं आणि डोळ्यात बघत बघत कागदावर मोठा गोल रंगवला. "लाल भाग जागेवर आहे, निळा सुटलाय," ते मला दाखवत होते. "ओल आली की भिंतीवरचा कागद सुटतो ना, तसा आतला पडदा सुटलाय. हे इथे भोक आहे. ते गारठवून चिकटवू, बाहेरून डोळ्याला सिलिकॉनची पट्टी आवळू. नंतर मात्र डोकं हलवायचं नाही." तुम्ही एवढंच विचारलंत, "शिवता येईल ना?" डॉक्टर म्हणाले, "आधी पडदा बसू दे."

ऑपरेशनला ताई आली होती. तुमचे दोन्ही डोळे बांधलेले, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. दोन दिवस तिनंच भरवलं, मी दारात उभी. तिसऱ्या दिवशी तिच्या लेकाला ताप आल्याचा निरोप आला. "बाबा झोपलेत. उठले की सांग, मी गेले म्हणून. नाहीतर वाट बघत बसतील," ती म्हणाली. "सांगते," मी म्हणाले. तुम्ही जागे झालात, मी पेजेचा चमचा ओठांना लावला. "बाय, तूच ना गो?" आम्हा दोघींचा आवाज सारखा, शेजारीसुद्धा फसायचे. नाही म्हणायलाच मी तोंड उघडलं होतं. "हो," म्हटलं.

उरलेले आठ दिवस मी ताई होते. तुम्ही माझा हात धरून दुकानातल्या गोष्टी सांगता आहात, मी ऐकते आहे. "तुझ्या हातचा घास कसा अलगद येतो. धाकटी भरवते म्हणजे गोणीत भात कोंबते." मी हसते, ताईसारखी हसते. आतून जळते. कुणावर जळावं तेही कळत नाही, कारण घास माझाच आणि हातही माझाच. एकदा धीर करून विचारलं, "धाकटीला बोलवू का?" "नको गो. घाबरट आहे ती, तिला इथलं जमायचं नाही." रागानं बोलला असतात तर सोसलं असतं. तुम्ही मायेनं बोललात.

पट्टी सुटली, डॉक्टरांनी पुन्हा चित्र काढलं, या वेळी पूर्ण लाल. तुम्हाला बारीक भोकं पाडलेला काळा चष्मा दिला. त्या भोकातून तुम्हाला माझं तोंड दिसलं. "तू कधी आलीस? बाय कुठाय?" "आत्ताच आले. ती पेणला गेली." तुम्ही मान हळूच दाराकडे वळवलीत.

पुढे तुम्ही चांगले शिवत होतात. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होतात, "थोरलीनं भरवलं, म्हणून माझा डोळा राहिला." एकदा ताईसमोरच म्हणालात. ती गोंधळली. "अहो बाबा, मी तर..." मी तिचा पाय दाबला. ती गप्प बसली. आणि ती गप्प बसली म्हणून मी वर्षभर तिच्याशी धड बोलले नाही.

हे लिहिलेलं तिला वाचून दाखवायचं ठरवलं होतं, आता दाखवणार नाही. ती म्हणेल, बाबांना खरं सांगायचं होतंस, मी कुठे अडवलं होतं? खरंच आहे तिचं. पण एक गोष्ट तिलाही ठाऊक नाही. डॉक्टर पट्टी कापत होते तेव्हा शेजारच्या खाटेजवळ बसलेली म्हातारीसुद्धा तुमच्यासाठी हात जोडून होती. मीही जोडले होते. मी मागत होते, पट्टी अजून दोन दिवस राहू दे.