अकरा बॅगांची राखण

अहो,

सप्रेम नमस्कार, आणि लगेच तक्रार.

मी खुशाल आहे. जेवण वेळेवर मिळतं, खोलीतून समुद्र दिसतो. पण सहलीचा तो गाइड! किल्ला आला की म्हणतो, "आजी, तुम्हाला दगदग नको. इथेच बसा, बॅगांवर लक्ष ठेवा." गुहेपाशी तेच, होडीच्या धक्क्यावर तेच. चार दिवसांत सगळा किनारा पालथा घातला म्हणे, आणि मी पाहिल्या त्या अकरा बॅगा! कहर म्हणजे लोक परत येऊन मला फोनवर फोटो दाखवतात. फोटोच बघायचे तर घरी तुमच्याशेजारी बसून बघितले नसते?

आज दीपगृहापाशी त्याने पुन्हा तोंड उघडलं. मी माझी पिशवी त्याच्याच हातात दिली. म्हटलं, "आता तुम्ही बसा." आणि चढले. तो खालून "आजी, आजी" करत राहिला. मी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

गोळ्या घेता ना? शेजारच्या वहिनी डबा देतात ना? काठीशिवाय अंगणात जाऊ नका.

वरून समुद्र कसा दिसला ते लिहिणार नाही. डॉक्टर म्हणाले, "आता जिने विसरा," आणि तुम्ही मुकाट्याने विसरलात, त्याचाही मला रागच आहे. पायऱ्या एकशे अठरा आहेत. कठडा उजवीकडे, तुमच्या दुखऱ्या गुडघ्याच्या बाजूला. दर वीस पायऱ्यांवर खिडकी आणि बसायला कट्टा आहे. प्रत्येक कट्ट्यावर मी बसून पाहिलंय. दोघं आरामात मावू.

तुमचीच