काजळीतला अंगठा

सांगली, मंगळवार, ११ मार्च १९४७

आज टपालाने माझ्या मुंबईच्या जुन्या प्रोफेसरांचा छापील निबंध आला. वर स्वतःच्या हाताने 'सस्नेह भेट'. विषय बेडकाच्या हृदयाचा, म्हणजे माझाच. मागच्या वर्षी मत मागायला मी त्यांना काजळी धरलेल्या कागदावर सुईने उमटवलेला ठोक्यांचा एक आलेख पाठवला होता, त्याचं उत्तर आलं नाही. हा तोच तर नसेल? ठोक्यांच्या रेषा सगळ्यांच्या सारख्याच दिसतात, उगाच संशय नको. पण चित्राच्या डाव्या कोपऱ्यात, काजळीत, एक अंगठा उमटलाय.

प्रयोगशाळेतल्या दादूला बोलावलं. काजळी पुसू नये म्हणून तो कागद कोपऱ्याला धरून रोगणात बुडवून वाळवायचं काम गेली नऊ वर्षं तोच करतो. त्याने चित्र उजेडात धरलं.

"आवं सायेब, ह्यो माजाच अंगठा हाय. मदी कोयत्याचा वण बगा की."

म्हणजे चोरीच. उद्याच संपादकांना लिहितो. माझ्या चार निबंधांचा आजवर कुणी साधा उल्लेख केला नाही, यांचं मात्र सगळे वाचतील. रागाच्या भरात ते चारही काढले, अंगठा ताडून बघायला. एकातही नव्हता. दादू शेजारी उभा राहून पानं बघत होता.

"तुमच्यात न्हाई का वं कुटं?"

प्रोफेसरांनी निदान अंगठा ठेवला. मी दर वेळी छापायला देण्याआधी तो कोपरा कात्रीने कापत आलोय.