महिन्यातून एका बुधवारी ताईला अभिलेख कक्षात बसू देण्याबाबत

दिनांक : ६ नोव्हेंबर

प्रति,
मा. अधीक्षक,
जुने अभिलेख विभाग,
जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालय.

विषय : फीत-वाचक यंत्राच्या संगणकावर हाताने चढवलेल्या सुरक्षा दुरुस्त्यांबाबत खुलासा, आणि दर महिन्याला एका बुधवारी चाळीस मिनिटे माझ्या बहिणीला कक्षात बसू देण्याची विनंती.

संदर्भ : १) आपले 'कारणे दाखवा' पत्र, दि. २८ ऑक्टोबर.
२) संगणक तपासनिसांचा अहवाल, शेरे क्र. ३, ४ व ७.
३) दरवानाला दिलेली तोंडी सूचना. ती त्याने मला तोंडीच सांगितली.

महोदय,

१. वरील पत्रात सात दिवसांत खुलासा मागितला होता. आज नववा दिवस आहे. उशीर कामचुकारपणामुळे झालेला नाही. हा अर्ज तीनदा लिहून फाडला, हा चौथा. मी या कार्यालयात सव्वीस वर्षे फीत-चालक आहे. माझी थोरली बहीण याच विभागात वरिष्ठ लिपिक होती आणि सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाली. तिला सगळे कार्यालय ताई म्हणते, म्हणून अर्जातही ताईच लिहितो. आम्ही दोघेच एका घरात राहतो. आपण नवीन आलात म्हणून एवढे सांगितले. बाकी कुणाला सांगावे लागले नसते.

२. तपासनीस साहेब विचारतात, हा संगणक अद्याप का ठेवला आहे. नव्वद वर्षांचे जन्म आणि मृत्यू आमच्याकडे फितींवर आहेत. फिती वाचणाऱ्या यंत्राचे कार्ड फक्त याच संगणकात बसते. नव्या संगणकात त्याला खाचच नाही. चार वर्षांपूर्वी नवी प्रणाली आली तेव्हा 'हा संगणक अटींत बसत नाही' अशी पाटी पडद्यावर झळकली. मी प्रणाली तरीही चढवली, पण तेव्हापासून सुरक्षा दुरुस्त्या आपोआप येणे बंद झाले. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी कंपनी दुरुस्ती काढते. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मी ती फाइल स्वागत कक्षातल्या संगणकावर उतरवतो, पेनड्राइव्हवर घेऊन तळमजल्यावर येतो आणि हाताने चढवतो. मध्ये यंत्र दोनदा बंद होऊन पुन्हा सुरू होते, तेवढा वेळ देव पाण्यात घालून बसावे लागते. चार वर्षांत एकही महिना चुकलेला नाही. तपासनीस साहेबांच्या स्वतःच्या संगणकावर सात दुरुस्त्या बाकी आहेत हे मी जाता जाता पाहिले, परंतु तो या अर्जाचा विषय नव्हे.

३. फाइलबरोबर कंपनी चौसष्ट अक्षरांचा एक ठसा देते; त्यात फक्त आकडे आणि ए ते एफ ही इंग्रजी अक्षरे असतात. आपल्याकडे आलेल्या फाइलचा ठसा त्याच्याशी अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. एक अक्षर जरी वेगळे निघाले तरी फाइल वाटेत बिघडली किंवा कुणी बदलली असे समजायचे. कार्यालयाचा नियम असा, की ही पडताळणी दोन माणसांनी करावी. एकाने वाचावे, दुसऱ्याने खुणा कराव्यात. चार-चार अक्षरांचे सोळा गट. जिन्यामागच्या त्या थंडगार खोलीत चाळीस मिनिटे बसायला कुणी तयार होईना. एकाला सर्दी, एकीला कंबरदुखी, एकाचे तर त्याच बुधवारी नेमके काही ना काही निघायचे. तेव्हा आपल्या आधीचे अधीक्षक म्हणाले, "अहो, घरात ताई असताना कुणाच्या विनवण्या कशाला करता?" तेव्हापासून ताई येते. तिच्या नजरेतून टिंब सुटत नसे. मी पडद्यावरून वाचायचो, ती छापील कागदावर लाल पेनाने खूण करायची. तो कागद नोंदवहीत चिकटवला, की मी दुरुस्ती चढवायचो.

४. हे काम आम्हाला नवीन नव्हते. आई गेली तेव्हा मी आठ वर्षांचा आणि ताई एकोणीस वर्षांची. मी पाढे म्हणायचे आणि तिने कपड्यांच्या घड्या करता करता चूक पकडायची, असा आमच्या घरी रोजचा कार्यक्रम होता. चुकलो की "पकडलं! लक्ष कुठंय तुझं?" असे म्हणायची. बरोबर आले तर काहीच म्हणायची नाही. बरोबर येणे म्हणजे उपकार नव्हेत, असे तिचे मत होते आणि नोकरीतही तेच राहिले.

५. दोन वर्षांपूर्वी ताईला विसरण्याचा आजार झाल्याचे निदान झाले. ती घरात घाबरू लागली. स्वतःच्याच खोलीच्या दारात उभी राहून आत जाऊ का, असे मला विचारू लागली. परंतु बुधवारी ती ठीक असायची. एकदा माझ्याकडून खरोखरच चूक झाली; एफच्या जागी सहा वाचले. तिने ताबडतोब पकडले. त्या दिवशी घरी जाताना ती माझ्या पुढे चालत होती आणि मागे वळून वळून मला बोलत होती. एरवी ती माझी बाही धरून चालते. ते पाहिल्यावर मी पुढच्या महिन्यापासून मुद्दाम एक चूक करू लागलो. शेरा क्र. ३ मध्ये 'दरमहा एका अक्षराभोवती लाल गोल असूनही दुरुस्ती चढवण्यात आली' असे म्हटले आहे, त्याचे कारण हे. चूक फाइलमध्ये नव्हती, माझ्या तोंडात होती. फाइल मी दर वेळी आधीच यंत्राकडून तपासून घेत होतो. त्याच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत, खात्री करून घ्यावी. कार्यालयाच्या सुरक्षेशी मी खेळलो नाही. खेळलो असेन तर बहिणीशी.

६. शेरा क्र. ४ असा, की 'जुलैपासून लाल गोल आढळत नाहीत व खुणांची संख्या गटांच्या संख्येशी जुळत नाही.' तपासनीस साहेबांची नजर बारीक आहे. मला जे सांगायला तोंड नव्हते ते त्यांनी तक्ता करून दाखवले आहे. मे महिन्यात तिने चूक लगेच पकडली. जूनमध्ये ओळ संपल्यावर थांबली, मागे गेली आणि मग पकडली. जुलैत पकडली नाही. मी तीच ओळ पुन्हा वाचली, चूक जरा ठासून वाचली, तरी तिने खूण केली. ऑगस्टमध्ये गट सोळा आणि खुणा तेवीस. सप्टेंबरमध्ये एकतीस, त्यांतली एक तारखेवर आणि एक कागदाच्या कोपऱ्यावर. ऑक्टोबरमध्ये मी 'झेड' वाचले. झेड हे अक्षर त्या ठशांत कधी येतच नाही, हे तिनेच मला चार वर्षांपूर्वी दटावून सांगितले होते. तिने खूण केली आणि म्हणाली, "छान वाचतोस रे." महोदय, उभ्या जन्मात ताईने मला छान म्हटले नव्हते. मी पेनड्राइव्ह खिशात टाकला, जिन्याखाली गेलो आणि रडलो. सेवानियमांत याला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. हजेरीपटात चहाची सुटी अशी नोंद केली आहे. ताईला आता मी काय वाचतो ते कळत नाही, आणि यापुढे कळणार नाही.

७. शेरा क्र. ७ सगळ्यांत कडक आहे. 'सदर पडताळणी संगणक स्वतः अर्ध्या सेकंदात करतो, सबब दोन व्यक्तींनी ती मोठ्याने वाचणे हा वेळेचा अपव्यय आहे.' मान्य. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. ताईलाही माहीत होते. दोन माणसांचा नियम जुना होता, तो कुणी बदलला नाही, आणि आम्ही दोघांनीही त्याची आठवण कुणाला करून दिली नाही. आता आपण ३० नोव्हेंबरला हा संगणक सीलबंद करणार, फिती बाहेर नकलायला देणार आणि स्वतःच स्वतःला दुरुस्त करणारा नवा संगणक आणणार आहात, असे कळते. त्याच्यापाशी कुणाला बसावे लागणार नाही, असे तपासनीस साहेब कौतुकाने सांगत होते. माझे दुखणे नेमके तेच आहे.

८. सबब, विनंत्या पुढीलप्रमाणे. माझ्या सेवापुस्तकात 'निष्काळजी' असा शेरा मारायचा असल्यास जरूर मारावा, मी हरकत घेणार नाही. परंतु दरवानाला दिलेली सूचना मागे घ्यावी. तो बिचारा मला म्हणाला, "साहेब सांगतात ताईंना आत सोडू नको. मी त्यांना कोणत्या तोंडाने अडवू?" चार वर्षे तिची खुर्ची त्यानेच उन्हाच्या बाजूला सरकवून ठेवली आहे. येत्या बुधवारी ताई येईल. त्या सकाळी ती आपण होऊन उठते, केस विंचरते, जुने ओळखपत्र गळ्यात घालते आणि मला उशीर होतो म्हणून दारात उभी राहून चरफडते. महिन्यातले बाकीचे दिवस तिला जेवण झाले की नाही हेही सांगावे लागते. बुधवार तिला कसा कळतो, ते डॉक्टरांनाही सांगता आले नाही.

बाहेरच्या माणसाला प्रवेश नाही, असा नियम असल्यास तिला पाहुण्याचा पास द्यावा. पास देता येत नसल्यास तिला खुर्च्या-कपाटांच्या जडसंग्रह नोंदवहीत चढवावे. त्या नोंदवहीतली वस्तू आपल्या सहीशिवाय खोलीबाहेर काढता येत नाही, असा कडक नियम आहे, आणि लोखंडी कपाटाच्या खाली एक ओळ रिकामी आहे. हे वाक्य मी रागात लिहिले, पण खोडत नाही. ३० तारखेनंतर संगणक सीलबंद झाला तरी चालेल. आम्ही यंत्राला हात लावणार नाही. जुन्या महिन्यांचे ठसे माझ्याकडे छापलेले आहेत, मी तेच वाचेन आणि ती खुणा करील. त्यातून कशाचीही पडताळणी होणार नाही, कशालाही धोका पोचणार नाही. खोली, एक खुर्ची, चाळीस मिनिटे. त्या वेळेपुरती माझी रजा मांडावी.

९. हा परिच्छेद नंतर जोडला आहे. कागद तपासून घेतल्याशिवाय वर पाठवू नये, ही ताईची शिस्त. म्हणून आज सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी या अर्जाची एक प्रत तिच्यापुढे ठेवली, लाल पेन हातात दिले आणि दुसऱ्या प्रतीवरून मोठ्याने वाचू लागलो. ती खुणा करत होती. कुठेही, समासात, दोन ओळींच्या मधे. मी न बघता वाचत गेलो. सहाव्या परिच्छेदाच्या शेवटच्या वाक्यापाशी आलो आणि ते तिच्या तोंडावर वाचण्याचा मला धीर होईना. तिथे लिहिले आहे त्याऐवजी मी वाचले, "ताईची तब्येत अलीकडे जरा नरम असते," आणि पुढच्या परिच्छेदावर गेलो.

पेन थांबले. तिने त्या वाक्याभोवती गोल काढला. पूर्ण गोल, टोकाला टोक जुळवून, जून महिन्यानंतरचा पहिला. मग माझ्याकडे वर बघून म्हणाली, "पकडलं. लिहिलंय ते वाच."

महोदय, ते वाक्य खोटे ठरले की काय, हे मला ठरवता येत नाही. बुधवारी कदाचित पुन्हा काहीच नसेल. उगाच आशा दाखवून आपल्याकडून परवानगी काढायची नाही, म्हणून मी ते वाक्य तसेच ठेवले आहे. मी लिहिले होते तसे वाचले. ताईने सगळे ऐकून घेतले, आणि त्याच्यापुढे बरोबरची खूण केली.

बुधवारच्या आत उत्तर मिळावे. लेखी नसले तरी चालेल, दरवानाला सांगितले तरी पुरे.

आपला नम्र,
(सही)
फीत-चालक,
जिन्यामागची खोली, तळमजला.

सोबत :
१) दुरुस्त्यांची नोंदवही, मूळ, चार वर्षांची.
२) यंत्राने केलेल्या पडताळणीच्या नोंदी, दरमहा एक पान.
३) डॉक्टरांचा दाखला.
४) या अर्जाच्या पहिल्या आठ परिच्छेदांची ताईने तपासलेली प्रत, लाल खुणांसह. बाकीचे कागद कार्यालयाने ठेवून घेतले तरी हरकत नाही. ही प्रत मात्र पाहून झाल्यावर मला परत मिळावी.