पांढऱ्या दोऱ्याचे टाके

४ डिसेंबर

प्रिय भिंगरी,

आशीर्वाद. पार्सल काल दुपारी मिळालं. लगेच कळवतो, नाहीतर तू काळजीनं फोन करत बसशील. तब्येत बरी आहे. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून लांबचं झकास दिसतं. समोरच्या गच्चीवरच्या कबुतराची नखंसुद्धा दिसतात. जवळचं मात्र सगळं धुक्यात. सुईत दोरा ओवायचा तर आधी सुईच शोधावी लागते. म्हणून तर काठाची पट्टी लावायला गोधडी तुझ्याकडे पाठवली.

काठ छान झालाय. कोपरे असे दुमडलेस की आईनं त्यावरून नुसतं बोट फिरवलं असतं. तिचं कौतुक तेवढंच असायचं, आठवतं? आपण दोघं गोधडीच्या दोन टोकांना आणि ती मधे, उन्हाचा चौकोन सरकेल तशी सरकत बसलेली. मीही काल काठावरून बोट फिरवलं.

बाकी इकडचं नेहमीचंच. घरभर चिंध्या. डोळे असे असूनही तुकडे कापून रंगांप्रमाणे लावत बसतो, सवय जात नाही. शेजारचा इलेक्ट्रिशियन आता मी गॅलरीत आलो की दोरीवरचे शर्ट आत नेतो. परवा ओरडून म्हणाला, "काका, हा मला अजून घालायचाय हं!" टाचण्या सोफ्यात, चपलेत, उशीखाली. सून म्हणते, "बाबा, तुमच्याकडे बसायचं म्हणजे आधी उभ्यानं चौकशी करावी लागते."

आणि सुई हातात आली की शाळेतल्या कविता येतातच. गुरुजी छडीनं टेबलावर ताल धरायचे, तो माझ्या मनगटात जाऊन बसलाय. एका ठोक्याला सुई खाली, दुसऱ्याला वर. म्हातारपणी माणसाला काय उरावं, तर पाठांतर.

एक विचारायचं होतं. गोधडीच्या डाव्या अर्ध्यातले टाके मला निळ्या दोऱ्याचे दिसतात. तिथे पांढरा दोरा होता. माझ्या डोळ्यांचाच घोळ असेल. सवडीनं कळव, घाई नाही.

तुझा
दादा

ता. क. घाई आहे.


१५ डिसेंबर

भिंगरी,

तुझं उत्तर आलं. पहिल्यांदा वाटलं, अक्षरही मला धड दिसत नाही. म्हणून सुनेकडून वाचून घेतलं. तू लिहितेस,

"दादा, ते कच्चे टाके होते ना? जाड पांढरा दोरा, एकेक टाका हा एवढा, कुठे गाठ नाही. टोक धरून ओढलं तर सरसर निघून आले. मग मी तिथे बारीक टाके घातले. आठवडाभर मान मोडून बसले होते. तुझी बाजू तशीच ठेवली. तुझा हात ओळखते मी."

कच्चे टाके! कापडाचे थर हलू नयेत म्हणून आधी घालायचे आणि काम झालं की उपटून काढायचे, ते! माझा हात ओळखतेस काय? मग दुसरा हात कोणाचा, हा प्रश्न आठवडाभरात एकदाही पडला नाही तुला? या घरात माझ्याशिवाय दुसरं कोण होतं?

ते तुझ्या वहिनीचे टाके होते.

तिचं शिवणकाम तुला माहीतच आहे. तूच तर मोडीत काढलं होतंस. लग्नानंतर पहिल्यांदा ती आपल्यात सुई घेऊन बसली, तेव्हा काय म्हणालीस? "वहिनी, टाके घालतेस का बेडूक उड्या मारतायत?" सगळी खोली हसली. तीसुद्धा हसली, सुई ठेवली आणि चहा टाकायला उठली. ती पुन्हा बसली नाही. माझं हे निवृत्तीनंतरचं वेड सुरू झालं तेव्हाही चिंध्या उचलायची, मला शिव्या घालायची, पण सुईला हात नाही. "तो तुमच्या बहीणभावंडांचा प्रांत," म्हणायची.

मग अंथरुणाला खिळली. एक दिवस आपणहून म्हणाली, "द्या इकडे एक सुई. छताकडे बघून बघून मला आता त्याचे पोपडे तोंडपाठ झालेत." निळा बारीक दोरा तिला दिसेना, म्हणून पांढरा जाड दिला. गाठ मारायला बोटं वळत नव्हती. "राहू दे गाठ," म्हणाली, "कुठे पळून जातोय दोरा!"

कुठे पळून जातोय! भिंगरी, तू ओढून काढलास तो.

मी उजव्या टोकाला, ती डाव्या. पलंगभर गोधडी पसरलेली. "म्हणा तुमचं काहीतरी," म्हणायची. मी कविता म्हणायचो आणि त्या तालावर तिची सुई चालायची. ती नदीची लांबलचक कविता तिच्या आवडीची. तिसऱ्या कडव्याला मी हमखास अडतो. वर्गातही तिथेच अडायचो, तू खिडकीतून ओळ पुरवायचीस. मी अडलो की तिची सुई हवेत थांबायची. "अहो, पुढं? माझा हात अवघडला." मला ओळ सापडेपर्यंत हात सरकलेला असायचा आणि टाका लांब पडायचा. नदी पुन्हा म्हटली की पुन्हा एक लांब टाका. खोकल्याची उबळ आली तिथे वाकडा. हसली तिथे तिरपा, खाली उतरत गेलेला. शेवटी शेवटी तर एकेका टाक्याला आख्खं कडवं लागायचं.

डोळ्यांवर पट्टी होती ना, ते दिवस मी ती गोधडी पांघरून काढले. दुसरं काही वाचता येत नव्हतं. बोटानं तेच वाचत पडायचो, पहिल्या टाक्यापासून. कुठे अडलो, कुठे ती हसली, कुठे औषधाची गुंगी होती, सगळं लागायचं बोटाला. आता तिथे बोट फिरवलं की घोटलेल्या कागदासारखं लागतं. सुबक आहे. एकसारखं आहे. तुझ्या शिवणवर्गात भिंतीवर लावण्यासारखं आहे. माझ्या काय कामाचं?

वर लिहितेस, "दादा, तू एक चिठ्ठी का नाही ठेवलीस आत?" चिठ्ठी! घरच्या माणसाचा हात ओळखायला चिठ्ठी लागते? आणि मी काठ सांगितला होता. फक्त काठ. तुला आत शिरायला कोणी सांगितलं होतं?

हे सगळं लिहिलं तरी मनातला राग जिथे आहे तिथेच आहे, कारण तो टाक्यांचा नाहीच.

तू आली नाहीस. ती एवढे दिवस पडून होती, तू एकदाही आली नाहीस. एकदा वर्गाचं प्रदर्शन, एकदा तुझे गुडघे, एकदा भावोजींची सर्दी. सर्दी, भिंगरी! शेवटी आलीस ती सगळं झाल्यावर, भारीतली शाल घेऊन. कोणाला पांघरणार होतीस? एक दुपार, एकच, त्या पलंगाजवळ बसली असतीस तर तो पांढरा दोरा तिच्या हातात बघितला असतास. मग तुला चिठ्ठी लागली नसती. ती विचारायची, "ताई येणार होत्या ना?" आणि मी म्हणायचो, "येईल, येईल." तुझ्या वतीनं खोटं बोलता बोलता माझी जीभ झिजली.

तो उसवलेला दोरा कुठे आहे, तेवढं कळव. बाकी काही लिहू नकोस.

दादा


२ जानेवारी

भिंगरी,

फोनवर तू नुसती रडत होतीस. मग भावोजींनी फोन घेतला. "दादा, सोडा ना आता. एक पांघरूण ते! हिनं खपून खपून नीट करून दिलं, वर बोलणी तिलाच?" मी फोन ठेवला. त्यांना माझा निरोप सांग, थंडी वाढलीय, सर्दीला जपा.

संध्याकाळी तुझा पुन्हा फोन. "दादा, मी पुन्हा तसेच वाकडे घालून देते. वाकडे घालायला काय लागतं?"

काय लागतं? पाठीला उशा लावून बसवावं लागतं. सुई धरायच्या आधी बोटं कोमट पाण्यात बुडवून मोकळी करावी लागतात. ज्या घरात आपल्या टाक्यांना बेडूक म्हटलं, त्या घरासाठी पुन्हा सुई उचलावी लागते. तुला जमायचं नाही. तुझा हात फार चांगला आहे.

फोन ठेवता ठेवता म्हणालीस, दोरा फेकला नाही. आईची शिस्त, उसवलेला दोरा टाचण्यांच्या उशीत भरायचा. तुझी जुनी उशी चपटी झाली होती, ती आता छान फुगलीय.

ते ऐकल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही. पडवीत पाठांतराला बसवलेल्या पोरासारखा एकच ओळ घोकतोय. तू रोज शिवायला बसतेस. रोज त्या उशीत टाचण्या खुपसतेस.

आता ऐक, आणि ही विनंती समजू नकोस. तू ये. गुडघे घेऊन ये, भावोजींना ठेवून ये. पार्सल पाठवायचं नाही, उशी स्वतः पिशवीतून आण. पलंगाजवळच्या खुर्चीवरचा चिंध्यांचा ढीग मी उचललाय. तिथे बस. तुझे बारीक टाके तूच उसव, माझ्यासमोर. गोधडी मी धुतलेली नाही, धुणारही नाही. कापडाला पाणी लागलं की सुईची भोकं बुजतात, हे तुला मी काय सांगावं! तिची भोकं अजून बोटाला लागतात. तोच दोरा, त्याच भोकांतून घालायचा. कुठून कुठे, ते मी बोटानं सांगेन.

मी नदीची कविता म्हणेन. तिसऱ्या कडव्याला अडेन. तेव्हा सुई हवेत धरून थांबायचं. पुढची ओळ तुला येते, मला माहीत आहे. सांगायची नाही.

आलीस म्हणजे राग जाईल असं धरून येऊ नकोस. मी चहासुद्धा विचारेन की नाही, सांगता येत नाही.

आणि हे पत्र खाली ठेवायच्या आधी ऊठ आणि त्या उशीतल्या टाचण्या काढ. सगळ्या.

तुझ्या वहिनीचा नवरा