मारुतीच्या गुडघ्याएवढे पाणी

अकोला, श्रावण वद्य पंचमी, शके १७८६

राजश्री कमलाकांतराव, आमचे मेहुणे व व्याही, अशा दोन्ही नात्यांनी पूज्य, यांसी मोरोपंताचा सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, माझ्या तपकिरीच्या डबीवर परचक्र आले आहे. पाऊस थांबायचे नाव घेत नाही, आणि घाटावरचा मारुती आमच्या ओट्यावरून नीट दिसतो, हा या घराचा दोष वडिलांनी मला कधी सांगितला नव्हता. गावात ज्याला म्हणून मोर्णेची काळजी वाटते तो इथे येऊन बसतो. डोळे नदीकडे लावतो आणि बोटे माझ्या डबीत घालतो. वकिली करून इतकी वर्षे लोकांना नागवले, त्याची फेड चिमटी-चिमटीने चालली आहे.

आपण अमरावतीकर, म्हणून सांगतो. आमच्याकडे पूर मारुतीवर मोजतात. पाणी देवाच्या गुडघ्याला लागले की बायका घाटावरचे धुणे बंद करतात, कमरेला लागले की गोदामातला माल हलतो, आणि छातीला लागले की माणसे किल्ल्याच्या अंगाला चढतात. आजोबांच्या काळापासून ही मोजणी चुकलेली नाही. आगगाडीच्या पाहणीला आलेल्या साहेबाने घाटाखाली पट्टे रंगवलेला एक खांब रोवला होता. कोणीतरी त्याला म्हैस बांधली. संध्याकाळी म्हैस खांबासकट घरी गेली. जोशीबुवांनी पंचांग पाहून नक्षत्राचे वाहन कोल्हा, तेव्हा पाऊस ओसरणार, असे सांगितले. तो ओसरला नाही, तेव्हा कोल्हा मुळातच लबाड, असे सांगितले.

मारुतीचे मात्र हल्ली बरे चालले आहे. तिकडे अमेरिकेत भाऊ भावावर बंदूक चालवतो आणि इकडे आमच्या नत्थुजी दलालाच्या बैलांच्या शिंगांवर चांदी चढते. कापसाने त्याला इतके दिले की चैत्रात त्याने मारुतीला उचलून कमरेएवढ्या घडीव चौथऱ्यावर बसवले. देवाले उंच केलं तं भावबी उंच राहील, असे त्याचे म्हणणे. त्या भंडाऱ्याचे लाडू आपल्या घरीही पोचले होते, म्हणून हसू नये.

चि. सौ. चारुशीला खुशाल आहे. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून आपण तिला पाठवलीत; नववा आता सरत आला. सुईण गंगूबाई बजावून गेली आहे की पोरीले आता गाडीत घालू नका, वाटेतच मोकळी होईल. पूर आला तर या मुलीला हलवायचे कसे, एवढा एकच घोर आमच्या घरात तिच्या आईला, सुभद्रेला लागला आहे. पण देवाची पावलेसुद्धा अजून कोरडी आहेत. माझ्या धाकट्या बहिणीला, म्हणजे आपल्या गृहिणीला सांगावे की तिची भाची आणि सून जिथे आहे तिथे सुखरूप आहे.

दोन्ही नात्यांचा लोभ आहेच, तो पावसात भिजू देऊ नये.

मोरोपंत


अमरावती, श्रावण वद्य अष्टमी

श्री. रा. मोरोपंत यांसी कमलाकांताचे सप्रेम नमस्कार वि. वि.

आपले पत्र आज पोचले. हे उत्तर लिहितो मी, पण बोलते आहे आपली भगिनी. दाराच्या चौकटीला टेकून उभी आहे आणि मध्ये आपले शहाणपण घालू नका अशी तंबी मला मिळाली आहे. तेव्हा जे कडू लागेल ते तिचे आणि जे शुद्ध लिहिले असेल ते माझे.

चौथऱ्याचा मजकूर तिने माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग गोदाबाई म्हणाल्या की दादा, देव चढला, नदी नाही चढली. पूर्वी जिथे त्याची छाती होती तिथे आता त्याचे गुडघे आलेत, आणि तुम्ही सगळे शहाणे तपकीर ओढत पावले भिजायची वाट पाहत बसला आहात. पुढे म्हणाल्या की आपल्या लहानपणी पाणी मारुतीच्या छातीला लागले होते, तेव्हा आपल्या चुलीवर बेडूक बसला होता. त्याला हाकलायला दादा शूरपणे गेले आणि रडत परत आले, हेही लिहा. मी हे लिहू नये म्हणालो. लिहा म्हणाल्या.

आपल्या पार्वतामावशींचे घर किल्ल्याच्या अंगाला उंचावर आहे. चारुशीलेला बाजेवर निजवून चौघांनी खांद्यावर तिथे न्यावे. गाडीत घालू नका याचा अर्थ हलवूच नका, असा फक्त वकील काढतात. हे बहीण म्हणून विनवते, आणि विनवणी पुरत नसेल तर विहीण म्हणून हुकूम करते, असे त्यांचे शब्द आहेत.

आता माझे एक वाक्य. त्या हे सांगताना नेहमीसारख्या रागावलेल्या नव्हत्या, आणि मला त्याचीच भीती वाटली. मी स्वतः निघणार होतो, पण उमा नदीच्या उतारावरून गाड्या परत फिरल्या. सरकारी टपालही तिथेच अडकले आहे. म्हणून हे पत्र इथल्या एका पेढीच्या कासदाजवळ देतो. तो कमरेला भोपळे बांधून नद्या पोहतो.

आमच्यावर माया आहे ती कृतीत दिसावी.

कमलाकांत


अकोला, श्रावण वद्य नवमी

राजश्री कमलाकांतराव यांसी सा. न. वि. वि.

आपले उत्तर नाही. वाटेत नद्या भरल्या असतील. इथे आज देवाचे घोटे भिजले. ओट्यावर सभा भरली आणि काळजीचे कारण नाही असे एकमताने ठरले. नत्थुजीच्या गोदामात कापूस छताला लागला आहे; भाव आणखी चढेल म्हणून त्याने विकला नाही आणि घोट्यापुरत्या पाण्याला भिऊन हलवणारही नाही म्हणतो.

सभेत एकच विघ्न आले. खालच्या गल्लीतला सहदेव शिंपी ओरडत आला की घरात पाणी शिरून चूल विझली. मारुतीचे गुडघे कोरडे असताना नदी कोणाच्या घरात शिरू शकत नाही, सबब हे पाणी छपरातून गळलेले आहे, असा मी निवाडा दिला. त्यावर सहदेव म्हणाला की छपराच्या पाण्यात मासे काहून पोहून राहिले. जोशीबुवांनी पूर्वी कधी मत्स्यवृष्टी झाल्याचा दाखला काढला. सहदेव पाठ फिरवून निघून गेला. लोकांना पटले असे आम्ही समजलो.

सकाळपासून चारुशीलेची कंबर धरली आहे. कळ येते आणि जाते. सुभद्रेने बाळंतिणीचे गाठोडे बांधून दारापाशी ठेवले आहे. खरे सांगायचे तर आज मी दोनदा उठून मारुती पाहून आलो.

कृपादृष्टी ठेवावी, आणि जमल्यास पाऊस तिकडे वळवून घ्यावा.

मोरोपंत


अकोला, श्रावण अमावास्या

चि. सौ. गोदाबाई हीस दादाचे अनेक आशीर्वाद.

आधी जे हवे ते सांगतो. तू आजी झालीस. मुलगी आहे, ठणठणीत आहे, आणि आवाज थेट आत्याआजीचा आहे. चारुशीला बरी आहे. आता उरलेले वाच, किंवा मेहुण्यांकडून वाचून घे. तू दारात उभी राहून ऐकशीलच.

तुझे पत्र मला मिळाले, पण माझ्याआधी ते गावाला मिळाले. दशमीला दुपारी कासद पलीकडे ताजनापेठेत पोचला. उमा आणि काटेपूर्णा तो पोहून आला होता. मोर्णा पाहून मात्र म्हणाला की एवढ्या मजुरीत माणूस दोनच नद्या पोहतो. पत्र तिथल्या कापसाच्या लिलावात बोली पुकारणाऱ्या माणसाच्या हाती गेले. त्याने आमच्यासमोर पलीकडच्या काठावर उभे राहून ते पुकारले. बोली तीनदा सांगायची त्याची सवय, म्हणून प्रत्येक वाक्य तीनदा. सप्रेम नमस्कार तीनदा झाले. बेडूक तीनदा झाला. मी रडत परत आलो हे साऱ्या अकोल्याने तीनदा ऐकले आणि एरवी कचेरीत माझ्यापुढे मान तुकवणारे पक्षकार धोतरात तोंड खुपसून हसले.

मग देव चढला, नदी नाही चढली, हे आले. दुसऱ्या वेळेला हसू थांबले. सगळ्यांनी मारुतीकडे पाहिले. त्याचे गुडघे नुकतेच भिजले होते. नंतर सगळ्यांनी मागे वळून माझ्या अंगणात पाहिले. तिथे माझ्या वहाणा तरंगत होत्या. तिसऱ्यांदा ऐकायला ओट्यावर कोणी नव्हते.

बाजेला मी, सहदेव आणि जोशीबुवा असे तिघेच लागलो. आदल्याच दिवशी ज्याला मी खोटे पाडले तो सहदेव आधी आला, हे लिहायला बरे वाटत नाही. नत्थुजी गोदामाकडे पळत सुटला होता. गल्लीच्या वळणावर चारुशीला ओरडली, ते ऐकून तो थबकला, परत आला आणि त्याने बाजेचा चौथा पाय उचलला. काहून रे, असे मी विचारले, तर म्हणाला की कापूस तं गेलाच पंत, पाय सांभाळा. चढणीवर पाणी मांडीला ओढत होते. जोशीबुवा एकदा घसरले. बाज कलली, पण कोणी सोडली नाही. गंगूबाई पुढे चालत आम्हा चौघांना शिव्या घालत होती, आणि त्या ऐकून पोर कळांतही हसली. दिवस मावळायच्या आत ती पार्वतामावशींच्या माजघरात मोकळी झाली.

आपल्या घरात पाणी देवघराच्या कोनाड्यापर्यंत चढले होते. मागची भिंत बसली. खालच्या गल्लीतली माणसे आरडाओरडा ऐकून वेळेवर निघाली. कोणी गेले नाही. नत्थुजीचा कापूस भिजून फुगला आणि गोदामाचे दार आतून फोडून बाहेर आला. आता चौथरा काढावा का, यावर सभा झाली. देवाला खाली उतरवणे अशुभ ठरले. तेव्हा यापुढे पावले म्हणजेच कंबर समजावी असा ठराव होऊन सभा उठली. बेडकाबद्दल रोज कोणीतरी विचारतो.

मुलीचे नाव तू ठेव. आमच्या शहाणपणाला हसत राहा, पण मायेत कमी करू नकोस.

दादा

ता. क. बाळंतिणीचे पाणी तापवायला मावशींनी आपल्या साऱ्या वाळल्या गोवऱ्या जाळल्या. या ओल्या दिवसांत गावात कोरडे जळण मिळत नाही. तेव्हापासून त्यांची चूल पेटलेली नाही; बाळंतिणीचे जेवण शेजारून येते. विचारले तर उपवास आहे म्हणतात. काल माळावरच्या एका गवळ्याकडे गोवऱ्या मिळाल्या. आज मावशी देवळात गेल्या असताना मी टोपली डोक्यावर घेऊन चढण चढलो, गोवऱ्या त्यांच्या परसात रचल्या, वर पोते घातले आणि खाली आलो.