अर्जातली वेळ

॥ श्री ॥

पळस्पे, पनवेल
मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५

ती. काशिरामदादा यांच्या चरणी जगनचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या मांडीच्या हाडात स्क्रू बसवल्याचं तुमच्या मोनालीने सांगितलं. नट-बोल्टांत जन्म माझा गेला आणि ते बसले तुमच्या अंगात, याला काय म्हणावं! आता मुकाट्याने पडून राहा. भाच्याच्या लग्नाला मामा नाही म्हणून तुमची बहीण रोज एकदा डोळे पुसते आणि लगेच तुमच्यावरच चिडते, की या वयात कोलंबीच्या तळ्याच्या बांधावर नाचायला यांना कुणी सांगितलं होतं. मांडवात मामाच्या खुर्चीवर तुमचा फोटो ठेवायचं मालूच्या मनात आहे. मी म्हटलं, नको ठेवूस, लोक हार घालतील.

फोन करत नाही. तुमच्या कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं आणि बोलणारा जगनच आहे हे तुम्हाला पटवण्यातच अर्धा वेळ जातो. आपलं पत्रच बरं. शार्दूल ड्रायव्हर ट्रेलर घेऊन न्हावा शेव्याला निघालाय, वाटेत जासईला तुमच्या दारात टाकील.

परवा गुरुवारी निकेशची हळद, शुक्रवारी लग्न. दीड हजार माणसं धरलीत, येतील दोन हजार. मालू पहाटेपासून पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरतेय. तांदळाच्या भाकऱ्यांना बायका कमी पडतायत, नव्या सूनबाईच्या, समीक्षाच्या साड्यांचं फॉल-पिको राहिलंय, आणि वर माझी भर. बंदरातल्या कंपनीचे मॅनेजरसाहेब सहकुटुंब हळदीला यायचं कबूल झालेत. आमच्या सहा ट्रेलरना वर्षभराचं काम मिळणार की नाही हे त्यांच्या हातात. त्यांच्या खुर्च्या कुठे मांडायच्या यावरून मालूचं नि माझं दोनदा वाजलं. तिचं म्हणणं की हळद पोराची हाय का तुमच्या साहेबाची.

काल डीजेवाल्याने आवाजाची चाचणी घेतली. डावा स्पीकर फाटलाय असं मी गेटातूनच सांगितलं. तो हसला, मग उघडून बघितला आणि गप्प बसला. गॅरेजात बसल्या बसल्या रस्त्यावरच्या गाडीचं कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगणाऱ्या माणसाला तो काय शिकवणार?

तुमचा हात पाठीवर असू द्या, दुरून का होईना.

आपला,
जगन


पनवेल
शनिवार, २२ फेब्रुवारी

ती. दादांना शि. सा. न. वि. वि.

मोनाली घरी पोचली असेल आणि तिने सगळं सांगितलं असेल. तरी माझ्या हातचं चार ओळींचं तुम्हाला मिळावं म्हणून हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितोय.

मालूच्या जिवाला धोका नाही. मेंदूतल्या एका बारीक शिरेत रक्ताची गुठळी झाली. हळदीच्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमाराला मोनालीने तिला चहा दिला, तो कप हातातून पडला आणि बोलता येईना. तशीच गाडीत घातली. पळस्प्याच्या चौकात गाड्या तुंबलेल्या, तरी आठला पोचलो. उजवा हात ढिला पडलाय, जीभ जड आहे, चालते मात्र धरून धरून. डॉक्टर म्हणतात व्यायामाने बरंच परत येईल, सगळं येईल असं सांगता येत नाही. गुठळी विरघळवायचं एक इंजेक्शन असतं म्हणतात. ते डॉक्टरांनी दिलं नाही.

लग्न थांबवायचं का असं मालूला विचारलं तर तिने डाव्या हाताने असा काही झटका दिला की पुन्हा विचारायची छाती झाली नाही. शुक्रवारी वाजंत्री न लावता उरकलं. समीक्षा अंगावरच्या शालूनिशी थेट इथे आली आणि सासूच्या पायाशी बसली. वॉर्डातल्या बायका बघत राहिल्या.

सगळे म्हणतात, जगनशेठ, तुम्ही धावपळ केलीत म्हणून वाचली. तुम्ही काळजी करू नका. जास्त लिहवत नाही.

आहे तशी माया ठेवा.

जगन


जासई
मंगळवार, २५ फेब्रुवारी

चि. जगन यास काशिरामचे अ. आ.

दोन्ही पत्रे मिळाली. लग्नाच्या मांडवातून बहिणीला उचलून न्यावे लागले आणि मी इथे छपराचे पत्रे मोजत पडलो, याची मला झोप नाही. तू वेळेवर हललास हे मोनालीने दहा वेळा सांगितले. तोंडाला हळद, कानाशी डीजे, कुणाला काही कळायला मार्गच नव्हता असे ती म्हणते. माझी बहीण तुझ्या घरात आहे याचे मला बरे वाटले.

पण त्या इंजेक्शनचे काय? मोनालीच्या सांगण्यावरून मी हिशेब केला. सातला त्रास सुरू, आठला तुम्ही दारात. ते इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचे असते असे इथल्या कंपाउंडरने मला कागदावर लिहून दाखवले. मग साडेतीन तास हातात असताना त्या डॉक्टरीणबाईंनी का दिले नाही? वय जेमतेम अठ्ठावीस, नाव यूम्ना, बाजारातल्या बेअरिंगवाल्या इक्बालभाईंची मुलगी, असे कळले. निकेशच्या मित्रांनी हॉस्पिटलात जाऊन तिला चार शब्द सुनावले आणि गावच्या ग्रुपवर तिचा फोटो टाकला. शब्द सुनावणे मला पसंत नाही. आपण रीतसर जावे.

मी चाळीस वर्षे साऱ्या गावाचे अर्ज लिहिले, एकही परत आला नाही. सोबत तक्रारीचा मसुदा पाठवतो, पुढल्या महिन्यात हॉस्पिटलच्या प्रमुखांकडे देऊ. खाली सही तू नवरा म्हणून करायचीस. लक्षणे प्रथम कधी दिसली ती जागा रिकामी ठेवली आहे. मोनालीच्या अंदाजाने मी लिहिणार नाही. तुझे कान घड्याळापेक्षा पक्के, तेव्हा वेळ तूच भर.

मालूच्या डोक्यावरून माझ्या नावाने हात फिरव. सगळ्यांवर माझा लोभ आहेच.

तुझा,
काशिराम


पळस्पे
बुधवार, २६ फेब्रुवारी

ती. दादा, शि. सा. न. वि. वि.

अर्ज मिळाला. तुमचं अक्षर अजून छापल्यासारखं. रिकाम्या जागेत मी वेळ भरली आहे, ती सातची नाही. दुपारी साडेतीनची आहे.

आता पुढचं पत्र तुम्ही एकट्याने वाचा.

साडेतीनला मालू भाकऱ्यांच्या चुलींकडून माझ्याकडे आली. बायकांनी तिला कपाळापासून गळ्यापर्यंत माखलं होतं, त्यात तोंड सरळ आहे की वाकडं हे देवालाही दिसलं नसतं. तिने विचारलं की साहेबांच्या टेबलावर पाण्याच्या बाटल्या ठेवल्या का. एवढंच. त्यातलं टेबल तिच्या जिभेवरून घसरलं. मी ऐकू आलं नाही असं दाखवून परत विचारलं, परत घसरलं. म्हणाली, उजव्या हाताला मुंग्या आल्यात, बरं वाटत नाय. दादा, माझे वडील मिठागरावर पडले तेव्हा मी चौदा वर्षांचा, त्यांच्या शेजारी उभा होतो. पडायच्या आधी त्यांची जीभ अशीच घसरली होती. तो आवाज मी कुठेही ओळखेन, आणि ओळखला. कळलं नाही असं म्हणायची सोय मला नाही.

साहेब पाचला यायचे होते. मी मनात म्हटलं, दोन तासांचा तर प्रश्न आहे. तिला दंडाला धरून खुर्चीवर बसवलं. खुर्ची कुठे ठेवली ते लिहिताना पेन पुढे जात नाही. स्पीकरला लागून ठेवली. दमली आहेस, गप्प बस, कुणाशी बोलू नकोस असं सांगितलं आणि डीजेवाल्याला आवाज वाढवायला लावला. तिचं बोलणं कुणाच्या कानावर पडू नये म्हणून. बायकांनी ऐकलं असतं तर कल्ला झाला असता, हळद थांबली असती, साहेब गेटावरूनच परत गेले असते.

साहेब साडेपाचला आले, अर्धी भाकरी खाल्ली आणि वीस मिनिटांत निघाले. तेव्हा तरी मी उठायला हवं होतं. तोवर तालुक्यातले आणखी चार मोठे लोक आले, मी त्यांना शाल-नारळ देत राहिलो. मध्ये मध्ये मालूकडे बघायचो. ती ताठ बसलेली दिसायची. सातला कप पडला, आणि मग मी सगळ्यांच्या पुढे धावलो.

हॉस्पिटलात यूम्नाने विचारलं की या शेवटच्या नीट कधी बोलत होत्या. सगळे एका सुरात सात म्हणाले. ती इंजेक्शनची तयारी करायला वळली. उशिरा दिलं तर मेंदूत रक्तस्राव होतो असंही ती सांगत होती. तेव्हा मी तिला पाण्याच्या मशीनपाशी बाजूला घेतलं आणि साडेतीन सांगितलं. तिने घड्याळ बघितलं. आठ वाजून वीस मिनिटं. तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी बघितलं नाही, खाली बघत होतो. पाचला निघालो असतो तरी ते इंजेक्शन मालूला मिळालं असतं, आज तिचा हात उचलला असता.

इथवर माणूस म्हणून मी थोडा तरी उभा होतो. त्यानंतर मी त्या पोरीला हात जोडले, की घरच्यांना कारण सांगू नकोस. ती म्हणाली, काका, केसपेपरवर मी खरी वेळ लिहिणार, घरी काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. मी बाहेर येऊन सांगितलं की डॉक्टर नाही म्हणतात. बाकीचं लोकांनी आपापलं जुळवलं. पोरं तिला वाटेल ते बोलली, ती मान खाली घालून मालूचं बीपी मोजत राहिली. मी तिथेच होतो.

आणि सोमवारी इक्बालभाई मालूला बघायला आले. तीस वर्षांचा संबंध. सफूराभाभींनी सूप दिलेलं, तो डबा हातात. मला कोपऱ्यात नेऊन म्हणाले, जगनशेठ, बच्चीकडून काही चूक झाली असेल तर दिलातून काढून टाका. म्हणजे तिने बापालाही सांगितलेलं नाही. आणि मी काय करावं? मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि जाऊ द्या म्हणालो. मोठ्या मनाच्या माणसासारखा.

तुमच्या अर्जाने मला शहाणपण सुचलं असं लिहिलं तर तेही पुरतं खरं नाही. अर्ज गेला की केसपेपर निघणार आणि साडेतीन बाहेर येणार, हा विचारही माझा करून झाला. धंद्यातला माणूस, डोकं आपोआप चालतं. पण ते काही नसतं तरी इक्बालभाईंच्या त्या डब्यानंतर मला घास गिळवत नव्हता.

तक्रारीत जिथे डॉक्टरांचं नाव होतं तिथे काट मारून माझं घातलं आहे. सही केली आहे. पुढे काय करायचं ते सांगा. लोभ मागायला तोंड नाही.

जगन


जासई
शनिवार, १ मार्च

जगन,

पत्र वाचले. वर आशीर्वाद लिहायला हात गेला होता, पण लिहिला नाही. खोटे लिहायची मला सवय नाही.

त्या मुलीला एका शब्दाने न विचारता मी तिच्याविरुद्ध दोन पाने लिहिली. जन्मभर पोरांना सांगत आलो की आधी विचारा, मग लिहा. माझे माफीचे पत्र सोबत आहे, ते तिच्या हातात दे.

आधी निकेशला सांग. मग त्याला घेऊन इक्बालभाईंच्या दुकानात जा, भर दिवसा, गिऱ्हाईक असताना. शेवटी मालूला. ती काय करील ते मला माहीत नाही. ती काही म्हणेपर्यंत मीही काही म्हणणार नाही. पत्र मात्र लिहीत राहा.

काशिराम


पळस्पे
रविवार, ९ मार्च

ती. दादांना शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलेल्या क्रमाने केलं.

निकेश माझ्याकडे बघत राहिला. मग फोन काढला, मित्रांना तो फोटो काढून टाकायला लावला आणि त्याच ग्रुपवर लिहिलं की डॉक्टरांची चूक नव्हती, उशीर आमच्या घरातून झाला. माझं नाव घातलं नाही. मी त्याला घालायला लावलं. गावात आता मला बघून लोक बोलायचे थांबतात. थांबायच्या आधीचं मला ऐकू येतंच.

इक्बालभाईंच्या दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. मी काउंटरपाशी उभा राहून सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं बेअरिंग फडक्याने पुसलं, परत पुसलं, आणि म्हणाले की हे माझ्या पोरीला सांगा, मी तिला घरात आठ दिवस ऐकवत होतो. यूम्ना ड्युटीवर होती. उभ्या उभ्या ऐकलं, तुमचं पत्र अंगावरच्या कोटाच्या खिशात ठेवलं आणि म्हणाली की काकींचे बोलण्याचे व्यायाम बुडवू नका. पुढचा पेशंट आत बोलावला.

मालू सोमवारी घरी आली. त्याच दुपारी तिला सांगितलं. सगळं, स्पीकरसकट. ती ऐकत होती. मग सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाली की मला माहीत हाय. तुमी मान वाकडी केली होती. इंजिनाला कान लावताना करता तशी. मला वाटलं, यांनी ऐकलं, आता हे उठतील. मी खुर्चीवर बसून तुमची वाट बघत होते.

एवढं बोलून तिने भिंतीकडे तोंड केलं.

दादा, लोकांनी शिव्या दिल्या असत्या तर मी त्या झेलल्या असत्या. साडेतीन तास ती माझ्याकडे बघत बसली होती आणि मी तिला ताठ बसलीय म्हणत होतो, हे मला कुठे ठेवावं कळत नाही.

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. जेवण, औषध, काय हवं-नको ते समीक्षाकरवी. व्यायामही समीक्षाबरोबर आतल्या खोलीत, दार लावून. शब्दांची यादी दिलीय, ती मोठ्याने म्हणायची. समीक्षा चांगली पोर आहे, सगळ्याला छान छान म्हणते. मी बाहेर पायरीवर बसतो. गॅरेज निकेश बघतो. बंदराचं काम दुसऱ्या कुणाला गेलं, तेही बरंच झालं.

काल दार अर्धं उघडलं. समीक्षा बाहेर आली आणि चाचरत म्हणाली की आई विचारतायत, खरं सांगायचं, कुठला शब्द ओढतोय. माझ्या तोंडावर आलं होतं की एकही नाही. पण तसं म्हणालो नाही. सांगितलं, गुरुवार. त्यातला शेवटचा र.

ती आत गेली. दार लावलं नाही. मग आतून मालू म्हणाली, गुरुवार. मी बाहेरून म्हटलं, अजून नाही. ती परत म्हणाली. मी परत म्हटलं, नाही. चहा निवून गेला तरी आमचं तेवढंच चाललं होतं.

आज सकाळी पुन्हा तेच. अजून जमलेलं नाही. जमलं की कळवीन, त्याआधी खोटं कळवणार नाही.

तुमचा आशीर्वाद घाईने नको. जेव्हा मनापासून लिहवेल तेव्हा एका ओळीत पाठवा, शार्दूलला रोज तुमच्या दारात गाडी थांबवायला सांगितलं आहे.

तुमचा,
जगन