पुसायचे पाणी, न पुसायचे पाणी

मी, ओनोफ्रे आर्चुलेता, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा गाड्या रंगवणे व धुणे, राहणार एस्पान्योला, न्यू मेक्सिको, असे लिहून ठेवतो की हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने वा लाडीगोडीने नव्हे, तर स्वखुशीने करीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. त्याची खात्री करण्यासाठी डॉक्टरीणबाईंनी मला आजची तारीख आणि राज्यपालांचे नाव विचारले. मी दोन्ही सांगितले. शिवाय त्यांच्या गाडीच्या टपावर जे पांढरे गोल डाग पडले आहेत ते हिरवळीवरच्या फवाऱ्याच्या पाण्याचे आहेत, हेही न विचारता सांगितले. त्यांनी दाखल्यावर मुकाट्याने सही केली. फुप्फुसे मात्र ठिकाणावर नाहीत. पन्नास वर्षे रंगाची वाफ ओढली, पण तक्रार नाही. त्याच वाफेवर घर उभे राहिले.

यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. तसे एकच आहे. १९८५ साली रागाच्या भरात रंगाच्या डब्याच्या खोक्यावर "सगळे देल्फिनाला, बेलार्मिनोला ठेंगा" असे लिहिले होते. देल्फिना, माझी बायको, सहा वर्षांपूर्वी गेली. बेलार्मिनोबद्दल पुढे येईल.

कलम पहिले. राहते घर, मागची विहीर, जर्दाळूचे झाड आणि बँकेत जे काही असेल ते माझी एकुलती मुलगी रोसाऊरा हिला. विहिरीचे पाणी पिण्यास गोड आणि गाडीला विष आहे. त्यात इतका चुना आहे की देल्फिनाची किटली दर महिन्याला व्हिनेगरमध्ये उकळावी लागे. पण त्या विहिरीचे माझ्यावर उपकार आहेत. या दरीतले पाणी हलके असते तर डाग काढून घ्यायला माझ्याकडे कोण आले असते? आणि गाडीवरचा डागही किटलीसारखाच सुटेल ही अक्कल मला देल्फिनानेच दिली. कोपरापर्यंत पिठाचे हात, आणि म्हणाली, "अरे, चुना तो चुनाच. भांड्यावर बसला काय आणि तुझ्या त्या लाडक्या बॉनेटवर बसला काय." धंद्यात नाव माझे झाले, शोध तिचा. हे आजवर कुठे बोललो नव्हतो, म्हणून इथे लिहितो.

कलम दुसरे. दुकान, दोन बादल्या, पाणी टिपायची मऊ कातडी आणि मेणाचे डबे हेही रोसाऊराला. गेली अकरा वर्षे दुकान तीच चालवते आणि माझ्यापेक्षा चांगले चालवते. तरी बापाची सवय म्हणून सांगतो. गाडी सकाळी धुवावी, सावलीत धुवावी, पत्रा हाताला गार लागत असताना धुवावी. वरून खाली यावे. शेवटचे पाणी बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी असावे. आणि पाणी आपोआप वाळू देऊ नये, टिपून घ्यावे. थेंब वाळतो तेव्हा पाणी उडून जाते आणि चुना मागे राहतो. ताजा डाग व्हिनेगरात निम्मे शुद्ध पाणी घालून फडक्याने ओला ठेवावा, मिनिटभराने धुवावा, मग मेण. उन्हात भाजून रंगात उतरलेला डाग घासून निघतो, पण प्रत्येक वेळी थोडा रंग घेऊन निघतो. म्हणून गिऱ्हाइकाला आधी विचारावे की डाग नको आहे की रंग हवा आहे.

कलम तिसरे. माझी १९६३ सालची गाडी, रंग डाळिंबी, बावीस हात मेहनतीचे, तीही रोसाऊराला. विकायची असेल तर विकावी, मी वरून बघायला येणार नाही. बघितले तरी बोलणार नाही.

कलम चौथे. शेजारी फकुंदो मोंतोया यास काहीही नाही. तेवीस वर्षे त्याच्या हिरवळीचा फवारा माझ्या गाडीवर येतो. "अहो फकुंदो, तोंड जरा तिकडे वळवा," म्हटले की म्हणतो, "माझं की फवाऱ्याचं?" असल्या माणसाला काय ठेवणार? मात्र देल्फिनाच्या आजारात आमच्या दारातले बर्फ रोज पहाटे याच गृहस्थाने उपसले, आणि विचारले तर "वाऱ्याने गेलं असेल" म्हणाला. त्याची ही कृतज्ञतापूर्वक नोंद करतो. पण काहीही नाही.

कलम पाचवे. बेलार्मिनो त्रुहियो, माझ्या मुलीचा धर्मपिता, म्हणून माझा कोंपाद्रे, यासही काहीही नाही. याचे कारण मात्र नीट वाचावे.

आमच्याकडे ईस्टरनंतरच्या रविवारी चर्चच्या आवारात गाड्या लावतात, पोट जमिनीला टेकेल इतक्या खाली बसवलेल्या, आरशासारख्या पुसलेल्या, आणि पाद्रीबाबा प्रत्येकीवर पवित्र पाणी शिंपडतात. १९८५ साली बेलार्मिनोने त्याची निळी गाडी आणली. तिचा रंग माझ्या हातचा, निळ्यावर निळ्याचे चौदा हात. दर वर्षी तो गाडीसाठी यायचा. त्या वर्षी बायकोसाठी आला होता. क्रुसिता पुढच्या सीटवर शाल गुंडाळून बसली होती, डॉक्टरांनी हात टेकले होते. पाद्रीबाबांनी एरवीपेक्षा जास्तच पाणी शिंपडले, बॉनेटवर थेंबच थेंब. आणि भर दुपारचे ऊन.

आता त्या पाण्यात आशीर्वादाचे मीठ असते आणि ते पाणी चर्चच्या विहिरीचे, म्हणजे चुना वेगळाच. माझ्या खांद्यावर कातडे होते. पाद्रीबाबांची पाठ वळते न वळते तोच मी दोन हात फिरवून बॉनेट कोरडे केले. विचार केला नाही. काचेआडून क्रुसिता बघत होती.

बेलार्मिनो म्हणाला, "कोंपाद्रे, हे काय केलंस?"

मी म्हणालो, "मीठ आहे त्यात. वाळलं असतं तर रंगात उतरलं असतं."

"उतरू दे म्हणूनच तर आणली होती रे."

यावर गप्प बसायचे सोडून मी त्याला रंगाचे शास्त्र सांगू लागलो. साऱ्या आवारासमोर. क्रुसिता ऑक्टोबरात गेली. दफनाला मी मागच्या बाकावर बसलो आणि त्याने मान वळवली नाही. त्यानंतर एकतीस वर्षे आम्ही एका गावात राहून एकमेकांशी बोललो नाही. रंगाच्या बाबतीत मी बरोबर होतो, हे आजही म्हणतो. बाकी सगळ्याच बाबतीत चुकलो.

आता कायद्याचा भाग. या कागदाला दोन साक्षीदार लागतात, नाहीतर तो रद्दी. वकीलबाई म्हणतात की ज्याला काही मिळणार आहे त्याची साक्ष न घेतलेली बरी. म्हणून बेलार्मिनोला काही ठेवलेले नाही. मला त्याची सही हवी आहे. रोसाऊरा चिडली. म्हणाली, "पापा, पोस्टातली बाई सही करील, बेकरीवाला करील! ते नाही आले तर कागद तसाच पडून राहील, आणि तुमच्याकडे काय महिनेन् महिने आहेत का?" नाहीत. तरीही ती जागा मी दुसऱ्या कोणाला देणार नाही. माझ्या आयुष्याला साक्षीदार म्हणावा असा माणूस तोच आहे. शेवटी ती स्वतःच त्याला सांगायला गेली. तो दारात उभा राहून ऐकत होता म्हणाली, आणि एवढेच बोलला, "बघतो, पोरी."

कलम सहावे. स्वयंपाकघरातले मोठे निळे पातेले, एका बाजूचा कान तारेने बांधलेला, बेलार्मिनोच्या घरी पोहोचवावे. हा वाटा समजू नये, पातेले त्याचेच आहे. देल्फिना गेली त्या दिवशी ते आमच्या पायरीवर होते, मका-मांसाच्या गरम पोसोले रश्श्याने भरलेले, वर नाव नाही, चिठ्ठी नाही. तो कान क्रुसितासाठी तारेने मीच बांधून दिला होता, मला कळणार नाही का? तीन दिवस मी दुसरे काही खाल्ले नाही. आभार मानायला गेलो नाही. सहा वर्षे ते पातेले रोज बघतो आणि रोज लाजतो.

कलम सातवे. माझी शवपेटी चर्चमध्ये नेताना माझी गाडी दाराशी उभी करावी. पाद्रीबाबांनी तिच्यावर हवे तेवढे पाणी शिंपडावे. ते कोणीही पुसू नये. रोसाऊरा, तुझा हात शिवशिवेल, मला ठाऊक आहे. हात खिशात घाल.

येथवरचा मजकूर वकीलबाईंनी टाइप केला. पुढचे मी हाताने लिहीत आहे. माझ्या अंगणात आज सकाळी, साक्षीदारांच्या देखत, सह्या होण्याआधी.

कलम आठवे. दहा वाजता निळी गाडी फाटकातून आत आली. फकुंदो आधीच येऊन खुर्चीत बसला होता, तोही उठून उभा राहिला. बेलार्मिनो उतरला. काठी घेतो आता. मला वाटले होते की मी काहीतरी बोलेन. मी सवयीने आधी बॉनेटकडेच बघितले. ते पाहून तो म्हणाला, "बघ, बघ. त्याच्यासाठीच आणलीय. काचेपाशी, डाव्या कोपऱ्यात."

वायपरच्या दांडीखाली एक डाग होता. वाटाण्याएवढा, पांढरट, कड रंगात उतरलेली.

"तुझ्या हातून एक सुटला होता," तो म्हणाला. "घरी गेल्यावर क्रुसिताला दिसला. रोज संध्याकाळी बाहेर येऊन त्याच्यावर बोट ठेवायची. म्हणायची, ओनोफ्रेनं एक ठेवला बघ माझ्यासाठी. तिचा नाही रे तुझ्यावर राग होता. माझाच होता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"आता सांगतोय ना. पेन कुठाय?"

मी त्या डागावर बोट ठेवले. पन्नास वर्षांत हजारो काढले असतील, असा एकही बघितला नव्हता. देवाचे, क्रुसिताचे आणि माझ्या त्या दिवशीच्या घाईचे मी आभार मानतो.

सबब रोसाऊराला शेवटची सूचना. ही निळी गाडी कधी दुकानात आली तर धुवावी, मेण लावावे, पैसे घेऊ नयेत. डाव्या कोपऱ्यातल्या डागाला हात लावू नये.

ठिकाण: माझे अंगण, एस्पान्योला. दिनांक १४ मे २०१६.

सही: ओनोफ्रे आर्चुलेता

वरील सही आमच्यासमोर झाली. सही करणारा शुद्धीवर होता, रडत होता.

साक्षीदार १: फकुंदो मोंतोया. (फवारा वळवला आहे.)

साक्षीदार २: बेलार्मिनो त्रुहियो, कोंपाद्रे. (पातेले आजच घेऊन जात आहे. रविवारी भरून आणतो.)